दोन टोकांमधला दुभाषी

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने पूज्य मानले जाते. आषाढी एकादशीला पंढरीचे दर्शन घेतलेले वारकरी पुढच्या वद्य एकादशीला परतवारीसाठी येथे जमतात, आणि ज्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली आहेत, त्यांच्या या भूमीकडे पंजाबातूनही भाविक येतात. या गावाच्या परिसरात, तालुक्याच्या कचेऱ्यांत, सहकारी पतपेढ्यांत आणि शाळा-महाविद्यालयांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संगणक हळूहळू दाखल होऊ लागले, तेव्हा त्यांचा बाहेरील जगाशी संवाद कसा घडवावा, हा प्रश्न उभा राहिला. संगणक कोणत्या परदेशी कारखान्यात घडला असेल याचा नेम नाही, टेलिफोनची तार सरकारी खात्याची, आणि त्या तारेच्या पलीकडचे एक्स्चेंज कदाचित एक पिढी जुने. या तिघांना परस्परांचा परिचय नाही आणि तशी तजवीजही कोणी करून ठेवलेली नाही. अशा अपरिचितांमध्ये एकवाक्यता घडवून आणणारे यंत्र म्हणजे मोडेम, आणि कोणत्याही संगणकाशी आपले जुळावे अशी त्याची घडण ज्या विचाराने झाली, त्या विचाराचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संगणकाच्या अंतर्यामी शून्य आणि एक या दोनच अंकांचा व्यवहार चालतो, आणि तो विजेच्या दाबाच्या दोन पातळ्यांनी व्यक्त होतो. उलट टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठी योजलेली, म्हणून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यातील ध्वनीच ती नीट वाहून नेते. विजेची स्थिर पातळी तिच्यातून शेकडो कोस जाऊ शकत नाही. यास्तव अंकांचे स्वरांत आणि स्वरांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणे क्रमप्राप्त झाले. अमेरिकेतील बेल कंपनीने १९५८ मध्ये अशा प्रकारचे यंत्र व्यापारी उपयोगासाठी बाजारात आणले आणि १९६२ मध्ये तिच्या १०३ क्रमांकाच्या यंत्राने सेकंदाला ३०० अंक दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवण्याची सिद्धी मिळवली. हाक देणाऱ्या यंत्राने १०७० व १२७० कंपनांचे आणि उत्तर देणाऱ्याने २०२५ व २२२५ कंपनांचे स्वर वापरावेत, अशी वाटणी ठरली असल्यामुळे दोघे एकदम बोलले तरी एकाचा स्वर दुसऱ्यात मिसळत नसे.

हिंगोली हे एके काळी निजामाच्या मुलुखातील लष्करी छावणीचे ठाणे होते. दफ्तराची भाषा प्रथम फारसी व पुढे उर्दू, छावणीतील गोऱ्या अंमलदारांची इंग्रजी, आणि रयतेची मराठी, अशी तेथील स्थिती असल्याने दुभाष्यावाचून कचेरीचे कामकाज चालणे दुरापास्त होते. परंतु दुभाषी जर एकाच पक्षाच्या पदरी असेल, त्याच पक्षाच्या घरात राहत असेल आणि त्याचीच खूण ओळखत असेल, तर दुसऱ्या दिवशी दुसरा अर्जदार आल्यावर त्याचा काय उपयोग? आरंभीच्या कित्येक मोडेमची अवस्था अशीच होती. ते एका विशिष्ट संगणकाचे अंकित होते, आणि संगणक बदलला की तेही निरुपयोगी ठरे.

या परावलंबनास कायद्याचेही साहाय्य होते. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या तारेला परक्याने घडवलेले कोणतेही यंत्र जोडण्यास मनाई होती. हिंदुस्थानात तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारायंत्र व तत्सम साधनांची मक्तेदारी सरकारकडेच ठेवली होती आणि परवान्यावाचून तारेला स्पर्श करणे हा गुन्हा होता. अमेरिकेतील निर्बंधातून एक वाट काढली ती रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने. बहिऱ्या माणसांना टेलिप्रिंटरच्या साहाय्याने दूरवर संवाद साधता यावा, या तळमळीने त्याने १९६४ मध्ये असे साधन घडवले की, टेलिफोनचा हातातला भाग रबरी कपांत ठेवला म्हणजे यंत्र आपले स्वर थेट त्याच्या तोंडात ऐकवी आणि त्याच्या कानातून ऐकून घेई. तारेला हात न लावताच संभाषण साधे, म्हणून कायद्याचा भंगही होत नसे. पुढे १९६८ मध्ये कार्टरफोन या प्रकरणात अमेरिकन दळणवळण आयोगाने तारेची हानी न करणारे परके साधन जोडण्यास मुभा दिली, आणि स्वतंत्र बुद्धीच्या कारागिरांना मोडेमच्या धंद्यात पाऊल ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला.

तारेच्या बाजूचा प्रश्न असा सुटत असता संगणकाच्या बाजूचा प्रश्न मात्र दिवसेंदिवस बिकट होऊ लागला. अमेरिकेतील विद्युत्‌साधनांच्या उद्योगसंघाने १९६० मध्ये आरएस-२३२ या नावाची एक संहिता प्रसिद्ध केली होती आणि १९६९ मध्ये तिची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती निघाली होती. संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलीत कोणत्या तारेने अंक जावे, कोणत्या तारेने यावे, कोणत्या तारेने ‘मी सिद्ध आहे’ असे सांगावे आणि विजेची कोणती पातळी शून्य व कोणती एक मानावी, याचा सर्व बंदोबस्त तीत केलेला होता. परंतु १९७५ मध्ये आल्टेअर आणि १९७७ मध्ये अ‍ॅपल-२, टीआरएस-८० व कमोडोर पेट असे घरगुती संगणक एकामागून एक अवतरले, तेव्हा प्रत्येकाने आपल्या अंतर्भागाची रचना स्वतःच्या मर्जीप्रमाणे केली. कोणाकडे ही संहिता मुळात होतीच, कोणाकडे ती जादा पैसे मोजल्यावर मिळे, आणि कोणाकडे तिच्या पंचवीस तारांपैकी तीनच तारा जोडलेल्या असत.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोन तरुणांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात घरच्या जेवणाच्या टेबलावर मोडेम जुळवण्याचा उद्योग आरंभला. त्यांचे पहिले मोडेम आल्टेअरच्या धर्तीच्या संगणकाच्या पोटात बसणारी पाटी होती. दुसरे अ‍ॅपल-२ साठी स्वतंत्रपणे घडवावे लागले. दोन्ही उत्तम चालली, लोकांनी वाखाणली. तथापि त्या यशातच पुढील अडचणीचे बीज होते. बाजारात जितके संगणक तितक्या पाट्या, जितक्या पाट्या तितके आराखडे, आणि उद्या एखादा संगणक बंद पडला की त्याच्यासाठी घडवलेल्या पाट्यांचा साठा धूळ खात पडणार, हे चक्र लहान कारखान्याला परवडणारे नव्हते. संगणकाच्या पोटात शिरण्याचा मोह सोडून बाहेर उभे राहावे आणि ज्या एका साध्या केबलीचे दार बहुतेक संगणकांना असते किंवा लावता येते, त्या आरएस-२३२ च्या दारातूनच व्यवहार करावा, असा निर्णय त्यांनी घेतला.

हा निर्णय वरवर पाहता सोपा वाटतो, पण त्याच्या पोटी एक अवघड कूट होते. पोटातल्या पाटीला संगणक आपल्या अंतर्गत मार्गांनी हुकूम देऊ शकत असे, म्हणजे अमुक क्रमांक फिरव, आता फोन खाली ठेव, घंटी वाजली तर उचल, हे सांगण्याची सोय तेथे होती. बाहेरच्या मोडेमशी मात्र संगणकाला जोडणारी एकच वाट, आणि ती मजकूर वाहून नेण्यासाठी राखून ठेवलेली. बेल कंपनीने क्रमांक फिरवण्याचे काम एका स्वतंत्र यंत्राकडे सोपवले होते आणि त्याला स्वतंत्र केबल, स्वतंत्र संहिता व स्वतंत्र खर्च लागत असे. घरगुती संगणकाच्या धन्याला ते परवडण्याजोगे नव्हते. हेदरिंग्टनने मोडेमच्या आत झिलॉग कंपनीचा झेड-८ हा लहानसा नियंत्रक बसवला आणि मोडेमला स्वतःची बुद्धी दिली. तार जोडलेली नसताना जे अक्षर येईल ते हुकूम म्हणून वाचावे आणि तार जोडलेली असताना जे येईल ते मजकूर म्हणून पुढे धाडावे, अशी दुहेरी वृत्ती त्या यंत्रात रुजवली गेली. १९८१ मध्ये हे यंत्र स्मार्टमोडेम या नावाने विक्रीस आले.

प्रत्येक हुकुमाच्या आरंभी ‘ए’ आणि ‘टी’ ही दोन रोमन अक्षरे असावीत, असा नियम ठरवण्यात आला. ‘लक्ष दे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप असले तरी त्या दोन अक्षरांची निवड केवळ अर्थावरून केलेली नव्हती. संगणक कोणत्या गतीने बोलेल हे मोडेमला आधी ठाऊक नसते. केबलीतून अक्षर निघते तेव्हा प्रथम प्रारंभदर्शक शून्य जाते आणि मग त्या अक्षराचे अंक कनिष्ठ स्थानापासून एकामागून एक जातात. ‘ए’ चा पहिलाच अंक एक असल्यामुळे आरंभीचे शून्य एकटे पडते, आणि ते किती काळ टिकले हे मोजले की संगणकाची गती कळते. ‘ए’ मध्ये एकांची संख्या सम आहे, ‘टी’ मध्ये ती विषम आहे. त्यामुळे संगणक चुका ओळखण्यासाठी जोडत असलेला जादा अंक सम पद्धतीचा आहे, विषम पद्धतीचा आहे, की नित्य एकच ठेवलेला आहे, हेही या दोन अक्षरांच्या तुलनेवरून उलगडते. आलेल्या मनुष्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून त्याची भाषा आणि बोलण्याची ढब ओळखून त्याच चालीत उत्तर देणारा हा कचेरीतला जाणता दुभाषीच म्हणावा लागेल. ज्या संगणकांच्या केबलीत तीनच तारा असत, त्यांच्याकडून ‘मी सिद्ध आहे’ ही खूण येणे अशक्यच, म्हणून ती खूण आली असे गृहीत धरण्याची लहानशी कळही आत ठेवलेली होती.

आणखी एक प्रश्न शिल्लक होता. संभाषण चालू असताना मोडेमला पुन्हा हुकूम ऐकण्यास कसे वळवावे? त्यासाठी तीन अधिक चिन्हे पाठवावीत असे ठरले. पण मजकुरातच कोणी तीन अधिक चिन्हे लिहिली तर संभाषण मध्येच खंडित होईल. हेदरिंग्टनने त्यावर मौनाचा उपाय योजला. त्या तीन चिन्हांच्या आधी आणि नंतर सुमारे एक सेकंद काहीही न आल्यासच तो हुकूम समजावा. मजकुराच्या ओघात अक्षरे एकमेकांना लागून येतात, त्यामुळे तेथे असे मौन सहसा संभवत नाही. या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९८५ च्या ऑक्टोबरात मंजूर झाले आणि पुढे कित्येक वर्षे मोडेमच्या कारखानदारांत तिच्या हक्कावरून दावे चालले. हेजच्या कंपनीचे भाग्य पुढे मावळले. नव्वदीच्या दशकाअखेर ती दिवाळखोरीत निघाली. तिने घडवलेली हुकुमांची पद्धत मात्र साऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी उचलली आणि नंतर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने तिला संहितेचे रूप दिले.

या रचनेचे सामर्थ्य संगणकांच्या दारांची विविधता वाढत गेली तसे अधिक स्पष्ट झाले. आयबीएमने १९८४ मध्ये पंचवीस टोकांच्या दाराऐवजी नऊ टोकांचे दार काढले. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशने आरंभापासूनच आरएस-४२२ ही निराळी विद्युत्‌पद्धती आणि १९८६ पासून आठ टोकांचे वाटोळे दार स्वीकारले. कमोडोर-६४ च्या दारातून तर संहितेच्या धन-ऋण पातळ्यांऐवजी शून्य ते पाच व्होल्टचाच व्यवहार होई. या प्रत्येक ठिकाणी बदलावी लागली ती केबल किंवा मध्ये लावायची लहानशी डबी. मोडेम तेच राहिले आणि हुकूमही तेच राहिले. ज्या गोष्टी भिन्न असणे अपरिहार्य आहे त्या स्वस्त तुकड्यात ढकलाव्या आणि ज्या समान ठेवता येतील त्या महाग यंत्रात स्थिर कराव्या, हा या घडणीचा गाभा होय.

महाराष्ट्रात या इतिहासाचा पहिला महत्त्वाचा अध्याय मुंबईस लिहिला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्वतंत्र झाले आणि जुहू येथे डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली त्याचे काम सुरू झाले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास निधीच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा उपक्रम हाती घेतला, आणि १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे हे केंद्र व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय पत्रव्यवहार घडू लागला. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावावा, साचलेली पत्रे द्यावी-घ्यावी आणि फोन ठेवावा, अशी ती पद्धत होती. भिन्न भिन्न कंपन्यांचे संगणक असलेल्या संस्थांना एकाच जाळ्यात गोवणे शक्य झाले, कारण त्यांच्यामधली पायरी कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. पुढे १९८९ च्या सुमारास हेच जाळे जुहूमार्गे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील युयूनेट या संस्थेशी जोडले गेले.

येथे भारतीय परिस्थितीचा एक विशेष नमूद करणे अवश्य आहे. आपल्या गावोगावच्या एक्स्चेंजांत दीर्घकाळ स्ट्रोजर आणि क्रॉसबार पद्धतीची यंत्रे होती. स्वरांनी फिरवलेला क्रमांक त्यांना कळत नसे, तार सेकंदाला दहा वेळा तोडून-जोडून दिलेले ठोकेच कळत, आणि शून्यासाठी दहा ठोके द्यावे लागत. क्रमांक फिरवण्याच्या हुकुमापुढे ‘टी’ लिहिले तर स्वर आणि ‘पी’ लिहिले तर ठोके, अशी निवड स्मार्टमोडेमच्या हुकुमांतच होती; तेवढ्या एका अक्षराने अमेरिकेत कल्पिलेले यंत्र भारतातील जुन्या एक्स्चेंजाशी बोलू शकले. त्याच सुमारास सी-डॉट या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने वातानुकूलनावाचून धूळ आणि उष्मा सहन करणारे १२८ वाहिन्यांचे ग्रामीण एक्स्चेंज घडवले; कर्नाटकातील कित्तूर येथे १९८६ मध्ये पहिले बसले आणि तेथून ते देशभरच्या खेड्यांत पसरले. मराठवाड्यातील खेड्यांना तारेची दुसरी बाजू विश्वासार्ह झाल्याचा अनुभव आला तो अशा एक्स्चेंजांमुळे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते चार महानगरांपुरतेच होते आणि त्याची गती सेकंदाला ९६०० अंकांच्या आसपास होती. खेड्यातल्या माणसाला महानगराचा क्रमांक फिरवायचा तर एसटीडीचे दर सोसावे लागत. तथापि तारेने गाव जोडता येते, ही कल्पना एव्हाना लोकांच्या मनात ठसली होती. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी समूहाने केंद्र व राज्य सरकारांच्या सहकार्याने परिसरातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला, आणि उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजन व बिल यांची माहिती शेतकऱ्याला आपल्या गावातच मिळावी, असा त्याचा हेतू होता. त्या प्रकल्पात उणिवा होत्या, तारा दुबळ्या होत्या. परंतु साखर कारखान्याच्या दफ्तरापर्यंत शेतकऱ्याचा हात पोहोचवण्याचा तो महाराष्ट्रातला गांभीर्याने केलेला आरंभीचा प्रयत्न होता, आणि त्याची आठवण कृतज्ञतेने ठेवली पाहिजे. पुढच्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि नरसीचे जिल्ह्याचे ठाणे अगदी जवळ आले.

एकविसाव्या शतकात दारे पुन्हा बदलली. संगणकांच्या पाठीमागचे नऊ टोकांचे दार लुप्त होऊन यूएसबीचे आले. पण यूएसबीच्या संहितेतही मोडेमसाठी जो वर्ग ठेवला गेला, त्यातून तेच ‘एटी’ चे हुकूम धावत राहिले. भारत संचार निगमाने २००५ च्या जानेवारीत ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा दिलेल्या कित्येक मोडेमना इथरनेट आणि यूएसबी अशी दोन्ही दारे होती, कारण ग्राहकाच्या जुन्या संगणकाला कोणते दार असेल याची हमी देता येत नव्हती. मोबाईलच्या जीएसएम पद्धतीच्या रचनाकारांनीही संगणकाने फोनला हुकूम देण्यासाठी हीच पद्धत आपल्या संहितेत घेतली. आज ज्या ‘मोबाईल स्टार्टर’ ने मराठवाड्यातला शेतकरी रात्रीची वीज आल्यावर घरूनच विहिरीवरचा पंप चालू करतो, तशा अनेक यंत्रांच्या पोटात बसलेला जीएसएमचा लहानसा तुकडा १९८१ च्या त्या हुकुमांनाच उत्तर देतो. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे असेच पंपाचे साधन लोकांपर्यंत नेले. शेतकऱ्याने आपला जुना स्टार्टर टाकून द्यावा अशी अट न घालता त्यालाच नवे साधन जोडण्याची दृष्टी तेथेही दिसते.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा की, जोडणीचे यंत्र ज्याच्या हाती साधनांची निवड नाही त्याच्यासाठी घडवावे. महानगरातील सधन संस्थेला आवडीचा संगणक, त्याला साजेसे मोडेम आणि दोन्हींना साजेशी तार विकत घेता येते. खेड्यातील शाळेला मिळतो तो संगणक पत्करावा लागतो, असेल त्या तारेवर भागवावे लागते आणि बिघडलेला भाग तालुक्याच्या बाजारात मिळेल त्याच जातीचा बसवावा लागतो. हेज आणि हेदरिंग्टन यांनी आपला धंदा वाचवण्यासाठी जो निर्णय घेतला, त्याचा लाभ अशा निवडहीन माणसाला सर्वाधिक झाला. आज ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत प्रकाशतंतू नेण्याची भारतनेट योजना चालली असताना, तंतूच्या शेवटी बसणारे यंत्र खुल्या संहितेप्रमाणे बोलते काय, दुसऱ्या कारखान्याचे यंत्र त्याच्या जागी बसू शकते काय, आणि शाळेतला जुना संगणक त्याला चालतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक खरेदीच्या कागदावर अगदी आरंभी लिहिले गेले पाहिजेत. या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर गती कितीही सांगितली असली तरी ती खरेदी गावाच्या हिताची नाही, असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार सरपंचाला, मुख्याध्यापकाला आणि सामान्य नागरिकालाही आहे. तो त्यांनी बजावावा.